वॉशिंग मशीन घरीच दुरुस्त करायचं तर सुरुवात कुठून करायची

मशीन बंद पडलं की लगेच स्क्रूड्रायव्हर शोधायला जाऊ नका. मी गेले होते. पाणी भरत नव्हतं म्हणून मागचं झाकण काढलं, वायरी उचकटल्या, दोन तास घाम गाळला आणि शेवटी कळलं की मशीनमागचा नळच कुणीतरी बंद करून ठेवलाय. घरात अजून त्यावरून बोलणी खाते. तेव्हापासून माझा नियम एकच, आधी मशीन ऐकायचं, मग बाहेरून तपासायचं आणि उघडायचं ते सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा ते झाकण उघडावं लागलेलंच नाही मला.

बटणं कितीही असूदेत, मशीनची कामं मोजकीच. पाणी घेणं, कपडे घुसळणं, पाणी बाहेर सोडणं, पिळणं. फ्रंट लोड असेल तर वर पाणी तापवणं. म्हणजे बिघाड शोधायचा म्हणजे ह्यातल्या कुठल्या कामाला येऊन ते अडतंय एवढंच आधी पकडायचं. कपडे काढा, रिकामं मशीन सगळ्यात छोट्या प्रोग्रॅमवर लावा आणि शेजारी स्टूल टाकून बसा. दार लॉक झाल्याचा खट्‌ आवाज आला का? पाणी पडल्याचा आवाज येतोय का? ड्रम दोन्ही बाजूंना फिरतोय का? पाणी सोडायच्या वेळी खालून गुं गुं येतंय पण पाणी हलत नाहीये का? कागदावर लिहून ठेवा. नंतर मेकॅनिकला बोलवावंच लागलं तरी "मशीन चालत नाही हो" म्हणण्यापेक्षा "घुसळतं, पण पाणी सोडताना पंप नुसता गुणगुणतो" असं सांगितलंत तर त्याचं अर्धं काम तिथंच होतं, आणि तो तुम्हाला उगाच काहीबाही सांगतही नाही.

डिस्प्लेवर काही अक्षरं येत असतील तर ती पण लिहून घ्या. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते. एलजीमध्ये 'ओई' म्हणजे पाणी बाहेर जात नाहीये, 'आयई' म्हणजे पाणी आत येत नाहीये, 'यूई' म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत आणि 'डीई' म्हणजे दाराचा प्रॉब्लेम. सॅमसंगमध्ये '४' ने सुरू होणारा 'सी' किंवा 'ई' वाला कोड पाणी येत नसल्याचा आणि '५' वाला पाणी जात नसल्याचा. बॉशमध्ये 'ई १८' पण पाणी न जाण्याचाच. बाकीच्यांसाठी मशीनसोबत आलेलं पुस्तक काढा, शेवटच्या पानांवर तक्ता असतो. पण कोड जागा दाखवतो, कारण नाही, हे लक्षात ठेवा. 'ओई' आला म्हणजे पंप गेला असं नाही, पाइपात मोजा अडकला तरी तोच कोड येतो.

आधी जीव सांभाळा

ह्यावर थोडं सविस्तर बोलते कारण पाणी आणि वीज दोन्ही एकाच डब्यात आहेत. हात लावायच्या आधी प्लग सॉकेटमधून काढायचा. बटण बंद करून चालत नाही, प्लग बाहेर आणि तुमच्या नजरेसमोर पाहिजे, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून लावणार नाही. नळ बंद करायचा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम अर्ध्यात अडकला असेल तर आतलं पाणी थंड होईपर्यंत थांबायचं, ते ६० किंवा ९० डिग्रीचं पण असू शकतं. आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, जाड हातमोजे घाला. फ्रंट लोडमध्ये ड्रम उड्या मारू नये म्हणून काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, त्यामुळे ते दिसतं त्याहून खूप जड असतं, एकट्याने तिरकं करायला जाऊ नका.

आणि मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दुरुस्ती वगैरे सगळं बाजूला ठेवा. आधी मेनचा स्विच पाडा, मग प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तिथं प्रयोग नकोत.

सामान फार लागत नाही. चपट्या आणि फुलीच्या तोंडाचे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पान्यांचा छोटा सेट, टॉर्च, जुने टॉवेल, एक पसरट परात किंवा ट्रे, आणि एक साधा मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजायचं छोटं यंत्र. काही मशीनना चांदणीच्या तोंडाचे स्क्रू असतात, त्याची बिट वेगळी मिळते. आणि मोबाइल. वायर काढायच्या आधी फोटो, स्क्रू काढायच्या आधी फोटो, पाइप काढायच्या आधी फोटो. "माझ्या लक्षात राहील" असं ज्यांना वाटतं त्यांच्या लक्षात राहत नाही, मी त्यातलीच आहे.

अजिबात चालूच होत नाही

त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा, वीज येतेय का. नुसता चार्जर लावून खात्री होत नाही, सैल सॉकेटवर पण चार्जर चालतो, इस्त्रीसारखी जास्त करंट खाणारी वस्तू लावा. मग दार. फ्रंट लोडचं दार नीट खट्‌ करून बसलं नाही तर मशीन ढिम्म राहतं, रबरात रुमालाचं टोक अडकलेलं असतं आणि आपल्याला दिसत नाही. टॉप लोडला झाकणाखाली स्विच किंवा लॉक असतं, तिथं साबणाचा थर बसतो, ओल्या फडक्याने पुसा. चाइल्ड लॉक आणि उशिरा सुरू करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का तेही बघा, हसू नका, हे नेहमी होतं. आणि धुणं संपल्यावर दार उघडत नाही म्हणून ओढाताण करू नका, लॉक सुटायला एक-दोन मिनिटं लागतात, घाईत हँडल तुटतं.

पाणी भरत नाही, नाहीतर तासभर भरतच राहतं

नळ पूर्ण उघडा, पाइप कुठं मुडपलाय का बघा. मग नळ बंद करून मशीनच्या बाजूचा पाइप हाताने फिरवून काढा, परात खाली धरा. जिथून पाइप निघाला तिथं आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल. ती पक्कडीने हळूच सरळ ओढून काढा. गंज, वाळू, शेवाळ, काहीही सापडतं. जुन्या टूथब्रशने धुऊन परत लावा. जाळी फाटली असेल तर नवी लावा, जाळीशिवाय मशीन चालवू नका, कारण एक वाळूचा कण व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या आणि थांबवणाऱ्या झडपेत बसला की व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि मशीन बंद असताना पण आत पाणी ठिबकत राहतं. हे लक्षण ओळखायला सोपं, प्लग काढलेला असताना सुद्धा टबात पाणी वाढत असेल तर व्हॉल्व्हच गेला.

पाण्याचा जोर पण बघा. टाकीपासून मशीन १० मीटर खाली असेल तर साधारण १ बार प्रेशर मिळतं, ३ मीटरच असेल तर जेमतेम ०.३ बार, आणि बऱ्याच मशीनना निदान एवढं तरी लागतंच. टाकी डोक्यावरच असलेल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर बिघाड मशीनमध्ये नाही, उंचीत आहे.

एवढं करूनही पाणी नाही आलं तर व्हॉल्व्हची कॉइल, म्हणजे वीज आली की व्हॉल्व्ह उघडणारी तारेची गुंडाळी. प्लग काढून, वायर सोडवून मल्टीमीटर ओहमवर लावा. २३० व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ते ५ किलोओहम दिसायला पाहिजेत. काहीच आकडा आला नाही म्हणजे कॉइल तुटली, व्हॉल्व्ह बदला, दोन स्क्रू आणि दोन वायरींचं काम आहे.

उलटा प्रकारही होतो, पाणी भरतंय पण थांबत नाही. बऱ्याचदा ड्रेन पाइपचं टोक खूप खाली ठेवलेलं असतं आणि भरलेलं पाणी तिथून आपोआप वाहून जातं. फ्रंट लोडचा ड्रेन पाइप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून जायला पाहिजे. पाइप बरोबर असेल तर मग पाण्याची पातळी मोजणारी बारीक नळी बघा, टबाच्या खालून निघून वर प्रेशर स्विचला जाते ती. त्यात साबणाचा चिखल बसला की मशीनला पाणी किती भरलंय तेच कळत नाही. नळी स्विचपासून सोडवूनच फुंकर मारा, स्विचमध्ये जोरात फुंकलंत तर तो जातो.

पाणी बाहेर जात नाही

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि नवख्या माणसाला शंभर टक्के जमणारी दुरुस्ती. फ्रंट लोडच्या पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, बऱ्याच लोकांनी ते कधी उघडलेलंच नसतं. त्याच्या आत गोल बुच, म्हणजे पंपाचा फिल्टर. थांबा, लगेच फिरवू नका. टबात पाणी असेल तर ते सगळं तुमच्या मांडीवर येईल, मी एकदा अख्खी खोली पुसलीये. बुचाशेजारी एक बारीक रबरी नळी असते, तिचं टोक काढून पाणी परातीत सोडा, परात भरली की नळी बंद करा, ओता, परत सोडा. कंटाळवाणं आहे पण असंच करायचं. नळी नसेल तर खाली टॉवेल पसरा आणि बुच पाव पाव वळसा करत सोडा.

बुच बाहेर आलं की त्यावरचा लगदा काढा. नाणी, हेअरपिना, बटणं, लहान मुलाचा मोजा, एकदा तर खेळण्यातल्या गाडीचं चाक निघालं. मग टॉर्च मारून पोकळीत बघा, मागे एक छोटा पंखा दिसेल. बोटाने किंवा पेन्सिलीने फिरवा. तो गुळगुळीत फिरत नाही, थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने फिरतो. घाबरू नका, आत चुंबक असतो म्हणून तसं होतं, ते बरोबर आहे. अजिबात फिरत नसेल तर केस किंवा दोरा गुंडाळलाय, चिमट्याने ओढून काढा. आणि काहीही जोर न लागता लुळा फिरत असेल किंवा पाती मोडली असतील तर पंप बदलायला झाला.

फिल्टर परत बसवताना त्याच्या रबरी रिंगवर केस किंवा कचरा राहू देऊ नका आणि बुच घट्ट आवळा, नाहीतर पुढच्या धुण्याला तिथूनच गळणार.

फिल्टर स्वच्छ आहे, पंखा फिरतोय, तरी पाणी जात नाही? ड्रेन पाइप काढून बादलीत सोडा आणि फक्त पाणी सोडायचा प्रोग्रॅम लावा. बादलीत धो धो आलं म्हणजे मशीन ठीक, तुंबलंय ते तुमच्या भिंतीतलं मोरीचं तोंड. नाही आलं आणि पंपाचा आवाजही नाही, तर प्लग काढून पंपाची कॉइल मोजा, साधारण १०० ते २०० ओहमच्या मध्ये कुठंतरी यायला हवी.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये बहुतेक पंप नसतोच, पाणी आपल्या वजनाने खाली जातं. तिथं ड्रेनचा खटका फिरवला की आतून एक पट्टी रबराचं बुच वर उचलते. पट्टी सुटली की पाणी जात नाही, बुचाखाली कचरा बसला की पाणी टिकत नाही. झाकण उघडून, बुच काढून धुवा, झालं.

पिळत नाही, किंवा मोटर नुसती घुमते

पिळत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मशीन खरं तर पाणी सोडत नसतं. टबात पाणी उरलंय असं दिसलं तर मशीन मुद्दामच पिळत नाही. म्हणून आधी वर सांगितलेलं पाणी न जाण्याचं तपासा. दुसरं, एकच जाड चादर किंवा पायपुसणं टाकलंय का? ते एका बाजूला गोळा होतं आणि मशीन तोल सांभाळायचा प्रयत्न करून शेवटी सोडून देतं. अजून दोन-चार कपडे टाका. तिसरं, फेस. फ्रंट लोडमध्ये टॉप लोडची पावडर टाकलीत तर फेसाने टब भरतो आणि पिळणं थांबतं. नुसत्या पाण्याची एक-दोन सायकल चालवा.

मग आतलं. बेल्टवालं मशीन असेल तर मागचं झाकण काढून बेल्ट बघा, घसरलाय, तुटलाय की कडेने उसवलाय. बेल्टवर नंबर असतो, समजा '१२७० जे ५', ह्यातलं १२७० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी, जे म्हणजे खाचांचा प्रकार आणि ५ म्हणजे अशा किती रेघा. तोच नंबर आणायचा, "साधारण एवढाच" चालत नाही. बसवताना आधी मोटरच्या छोट्या चाकावर घाला आणि मग मोठं चाक हाताने फिरवत फिरवत चढवा, सायकलची चेन चढवतो तसं. बोटं मध्ये येऊ देऊ नका.

जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बन असतात, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे छोटे तुकडे, मोटरच्या दोन्ही बाजूंना एक एक. ते झिजून एक सेंटिमीटरच्या आसपास आले की मोटर कधी चालते कधी नाही, ठिणग्या उडतात, जळका वास येतो. बदलायचे तर दोन्ही एकदम. इन्व्हर्टर किंवा डायरेक्ट ड्राइव्ह मोटरला कार्बन नसतातच, तिथं शोधत बसू नका.

सेमी ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी. मोटर गुं करते, फिरत नाही, हाताने थोडा धक्का दिला की फिरायला लागते, हे ऐकलं की डोळे झाकून सांगावं, कंडेन्सर गेला, म्हणजे मोटर फिरायला लावणारा, वीज साठवणारा छोटा डबा. तो धक्का सुद्धा लांब लाकडी काठीने द्यायचा, हात आत घालायचा नाही. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो आणि चांगला दणका देतो. काही मिनिटं थांबा, मग जुन्या तारेच्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना लावून चार्ज उतरवा, एलईडी बल्बने हे काम होत नाही, आणि मग मल्टीमीटरने व्होल्ट शून्याजवळ आलेत ना ते बघूनच हात लावा. नवा आणताना मायक्रोफॅरॅडचा आकडा जुन्यावर छापलाय तोच हवा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील. धुण्याच्या मोटरचा सहसा मोठा असतो, पिळण्याच्या मोटरचा छोटा, अदलाबदल करू नका.

पिळायचा भाग फिरतो पण अडखळत, जड जड? ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. स्पिनरचं झाकण उघडलं की ब्रेक लागतो आणि बंद केलं की सुटतो, ते एका तारेवर चालतं. तार सैल झाली की ब्रेक घासत राहतो आणि मोटर तापते. तार एक-दोन खाचा ओढून घट्ट केली की काम झालं.

आवाज, उड्या आणि गळती

नवं मशीन किंवा घर बदलून आणलेलं मशीन पिळताना वेड्यासारखं नाचत असेल तर मागे बघा, वाहतुकीसाठी ड्रम जखडून ठेवणारे तीन-चार लांब बोल्ट काढायचे राहिलेत का. ते तसेच ठेवून चालवलं तर मशीनची वाट लागते. जुनं मशीन नाचत असेल तर चार पायांपैकी एक अधांतरी असणार. कोपऱ्यांवर हाताने दाबून बघा, डुगडुगतंय त्या कोपऱ्याचा पाय फिरवून खाली करा आणि वरचं नट आवळा. खाली कागदाची घडी घालणं हा उपाय नाही, दोन धुण्यांत ती सरकते.

आवाज कसला आहे ते ऐका. खळखळ म्हणजे नाणं, बाहेरचा टब आणि आतल्या फिरत्या ड्रमच्या मध्ये. किचकिच म्हणजे बेल्ट. आणि पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर वाढत जात असेल तर बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ते कडं. खात्री करायची तर रिकामा ड्रम आतून धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि टब दोन्ही एकत्र हलले तर ठीक, ते स्प्रिंगवर लटकलेले असतात. पण नुसता ड्रम टबाच्या आत खडखडला तर बेअरिंग झिजलं. हे काम दुरुस्ती शिकायच्या पहिल्या वर्षात करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. अख्खं मशीन मोकळं होतं, बेअरिंग ठोकून काढावं लागतं, आणि काही मशीनचा टब कारखान्यातच चिकटवून बंद केलेला असतो, तो करवतीने कापावा लागतो.

गळतीला मात्र घाबरू नका, फक्त वेळ बघा. पाणी भरतानाच गळतंय तर मागच्या पाइपचं वॉशर किंवा साबणाचा ड्रॉवर. घुसळताना पुढून गळतंय तर दाराचं रबर, त्याची खालची घडी उलटून बघा, तिथं चीर किंवा बारीक भोक असतं. पाणी सोडताना गळतंय तर ड्रेन पाइप नाहीतर फिल्टरचं बुच. मशीनखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, पहिला ओला डाग कुठं पडतो ते कळतं, नंतर सगळंच ओलं होतं.

पाणी गरम होत नसेल तर हीटर मोजा, २००० वॉटच्या हीटरला २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम येतात. त्यावर पांढरा थर दिसला तर लिंबूसत्त्व टाकून रिकामी गरम सायकल लावा, पण त्याच वेळी ब्लीच अजिबात नको, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

हात कुठं लावायचा नाही तेही सांगते. वॉरंटी चालू आहे, कंट्रोल बोर्ड जळल्याचा वास येतोय किंवा मोटरमध्ये पाणी गेलंय, तर झाकण परत लावा आणि फोन करा.

बाकी काम झालं की पहिली सायकल रिकामी आणि थंड पाण्याची, मागचं झाकण लावूनच. नळ उघडल्यावर पाच मिनिटं टॉर्च घेऊन सांधे बघा. आणि स्क्रू उरला असेल तर "एखादा राहतोच" म्हणून डब्यात टाकू नका. प्लग परत काढा आणि मघाचे फोटो उघडा.